दुजाभाव जातीचा की मुकादमाच्या मर्जीचा? सोलापूरच्या मोफत विधी सल्ल्याचा आढावा

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे फुकट वकील मिळतो हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण 'मला कामावर वेगळं वागवतात' अशा तक्रारीसाठी तिथे जावं का, आणि जाताना हातात काय असावं, हे फारसं कुणी सांगत नाही. मत आधीच सांगतो: सेवा मोलाची आहे, जरूर वापरा. मात्र 'जातीमुळे अन्याय होतोय' एवढं एकच वाक्य घेऊन गेलात, तर तिचा निम्माही उपयोग होणार नाही.

पात्रतेबद्दल लोकांचा गैरसमज फार. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींचे लोक, स्त्रिया, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या पॉवरलूमवरचा विणकर असो की बिडी वळणारी बाई, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे घालायची गरज नाही. बाकीच्यांसाठी राज्यात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो, त्यावर ७ दिवसांत निर्णय द्यावा असा नियम आहे. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला हा खर्च प्राधिकरणाकडे. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

आता मुख्य गोष्ट. खाजगी कारखान्यात जात, धर्म, भाषा किंवा प्रांतावरून पंक्तिप्रपंच केला तर सरळ दाद मागता येईल असा एकच सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. ॲट्रॉसिटीचा कायदा कडक आहे, पण तो अनुसूचित जाती-जमातींवरच्या ठरावीक कृत्यांसाठी आहे. शिवाय जातिवाचक शिवीगाळ लोकांसमोर झालेली असावी लागते. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना बोललेलं त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे केबिनमधला अपमान आणि खात्यात सगळ्यांदेखत झालेला अपमान यांत कायद्याच्या लेखी मोठा फरक पडतो. कोण कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. आणि शिवी न देता मुकाट्याने केलेला भेद? खरी अडचण तिथेच आहे, आणि तो भेद कशामुळे होतो हे तपासणं, हेच वकिलाकडे जाण्याआधीचं तुमचं काम आहे.

वंशभेदाच्या दाव्यांसाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये विचाराचा एक क्रम घालून दिला. कामगाराने प्रथमदर्शनी भेद दाखवायचा, मालकाने त्याचं कारण द्यायचं, मग ते कारण खरं की नुसती सबब, हे कामगाराने उघड करायचं. आपल्या कोर्टावर तो बंधनकारक नाही, पण डोकं ताळ्यावर ठेवायला याच्यासारखा क्रम नाही.

समजा, एकाच पाळीत दोघे टेरी टॉवेल काढतात, दोघांकडे चार-चार माग. एकाचे डॅमेजपोटी, म्हणजे खराब निघालेल्या मालापोटी, महिन्याला ६०० रुपये कापतात, दुसऱ्याचे १५०. लगेच जात म्हणू नका. आधी माग बघा: कुणाचा जुना, कुणाचा नवा? सूत एकाच लॉटचं आहे का? बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, भरताना ताण सारखा धरला होता का? माग दुरुस्त करणारा जॉबर कुणाकडे बोलावल्याबरोबर येतो आणि कुणाला तासभर ताटकळत ठेवतो? मागांची अदलाबदल झाल्यावर डॅमेज मागाबरोबर गेलं, तर दोष मागाचा. माणसाबरोबर राहिलं, तर हात तपासा. पण माल सारखाच निघूनही कपात एकाचीच होत असेल, तर कारण मालात नाही. जुना माग नेहमी ठरावीक वस्तीतल्यांनाच मिळतो का, हेही बघा. तिथे भेद कपातीत नसून वाटपातच असतो.

जातीकडे बोट दाखवणाऱ्या खुणा वेगळ्या असतात. आडनाव किंवा जातीचा दाखला कळल्यानंतर वागणूक बदलली. त्याच समाजाच्या तिघा-चौघांना तोच अनुभव. कारण विचारलं की दरवेळी नवं उत्तर. कारखान्याचाच नियम एकासाठी मोडला आणि दुसऱ्यावर लादला. पाण्याचा माठ, जेवायची जागा, सफाईचं काम यांतली वाटणी. यातली एकच खूण असेल तर संशय, तीन-चार जुळल्या तर प्रकरण.

सोलापुरात आणखी एक गुंता आहे. इथे तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारे एकाच छताखाली राबतात आणि भरती पुष्कळदा नात्यागोत्यातून होते. मुकादम आपल्या भाच्याला चांगला माग देतो तेव्हा त्याच्या मनात जात असते की नातं, हे सिद्ध करणं महाकठीण. सुदैवाने प्रत्येक वेळी ते सिद्ध करावं लागत नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, पाचव्या बाबीत, गुणवत्ता न बघता कामगारांच्या एका गटावर मेहेरबानी करणं हीच अनुचित प्रथा ठरवली आहे. जात सिद्ध न होताही पक्षपात सिद्ध होऊ शकतो. तक्रारीला मुदत ९० दिवसांची. 'बघू, दिवाळीच्या बोनसनंतर' म्हणत थांबलेल्यांची प्रकरणं इथेच अडतात. नव्या कामगार संहिता आल्यामुळे तुमच्या अर्जाला नेमकं कोणतं कलम लावणार, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

सोबत एक तक्ता न्या. एका रकान्यात तुम्ही, शेजारी त्याच कामावरचा दुसरा. खाली रुजू झाल्याची तारीख, पाळी, माग, दर, हजेरी, कपात, नोटिसा. प्रत्येक ओळीपुढे पुरावा काय ते लिहा: पगारपत्रक, हजेरी कार्ड, पीएफचं पासबुक, मेसेज. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन विकू नका, चॅट पुसू नका. हे गोळा करणं प्राधिकरण तुमच्यासाठी करणार नाही, आणि माझ्या मते या सेवेची सर्वांत मोठी उणीव हीच आहे. यंत्रमाग आणि विड्यांच्या या शहरात तक्ता भरून घेणारा एक जाणकार माणूस प्राधिकरणाच्या टेबलावर असायलाच हवा.

ॲट्रॉसिटीचा गुन्हा असेल तर वकिलाची वाट बघू नका, आधी पोलीस ठाणं गाठा. त्या कायद्याच्या कलम १८-अ प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, आणि तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो. प्राधिकरणाचा वकील त्यानंतरही मिळतो.

राहिली लोकअदालत. थकलेली मजुरी, कपातीचा परतावा अशा पैशाच्या वादाला ती उत्तम, महिन्यांचं काम दिवसात होतं. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. तडजोडीच्या कागदावर 'सर्व तक्रारी मिटल्या' अशी ओळ असेल, तर ६०० रुपयांच्या कपातीबरोबर भेदभावाची तक्रारही संपते. ती ओळ खोडून फक्त कपातीचा महिना आणि रक्कम लिहून घ्या, मगच सही करा.