ऑप्टिकल फायबरच्या नावाखाली तंगूस

मिग-२१ बिस या लढाऊ विमानाची १/३२ प्रमाणातील प्रतिकृती मी स्टायरिन या प्लास्टिकच्या शीटपासून घडवत आहे. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत जेमतेम २२ सेंटिमीटर. कॉकपिटमधील तबकड्या मागून उजळाव्यात आणि पंखांच्या टोकांना डावीकडे लाल व उजवीकडे हिरवा दिवा लागावा, यासाठी समाजमाध्यमावरील एका विक्रेत्याकडून मी एलईडी, ऑप्टिकल फायबर आणि तबकड्यांचा संच मागवला. पूर्ण रक्कम त्याने आगाऊ घेतली.

फायबर म्हणून आला तो मासे पकडण्याचा तंगूस होता. दोन्ही दिसायला सारखेच, पण एका टोकाला टॉर्च लावला की खऱ्या फायबरचे दुसरे टोक ठिपक्यासारखे लख्ख चमकते. तंगुसाचा प्रकाश मात्र वाटेतच विरला. लाल आणि हिरवे म्हणून पाठवलेले एलईडी पांढरेच होते आणि त्यांच्यावर फासलेला रंग थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाने सहज निघाला. याहून वाईट म्हणजे, ‘रेझिस्टर जोडलेला आहे, नऊ व्होल्टची बॅटरी थेट लावा’ असे त्याने लिहून दिले होते. बॅटरी लावताच पहिला दिवा गेला आणि वायरीवरची काळी नळी ब्लेडने चिरली तेव्हा आत प्रवाह मर्यादित करणारा रेझिस्टर नव्हताच, नुसता तारेचा पीळ निघाला. असा दिवा पंखात चिकटवून वर पुट्टी भरली असती, तर तो बदलण्यासाठी पूर्ण पंख फोडावा लागला असता.

विक्रेत्याने दाखवलेले उजळलेल्या कॉकपिटचे छायाचित्रही त्याच्या कामाचे असेल असे मला वाटत नाही, कारण त्यात वरची काच पुढच्या बाजूला उघडलेली आहे. ती रचना मिग-२१ च्याच एफ-१३ या आधीच्या प्रकाराची. बिसची काच उजवीकडे कलते. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी, तेच फायबर आणि तेच दिवे पेटवून दाखवणारा, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद असलेला व्हिडिओ अवश्य मागावा.

तक्रार करताच परताव्यासाठी म्हणून त्याने क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकण्यास सांगितले. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. मी तो कोड उघडला नाही आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्याची जाहिरात मात्र त्याच छायाचित्रासह अजून सुरू आहे.