दोन ३७५ म्हणजे एक ६२५ नव्हे

बायकोची दाढ सुजली, डेंटिस्टनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड ६२५ हे अँटिबायोटिक लिहून दिलं. घराजवळच्या दुकानात ६२५ संपलेली. "३७५ आहे काकाजी, एका वेळी दोन घ्या, उलट जास्तच पडते," पोरगा म्हणे. तिथून बजाजनगरच्या या मेडिकलमध्ये आलो आणि मुद्दाम तेच विचारलं. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "नाही जी. ६२५ मध्ये अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम, क्लॅव्ह १२५. ३७५ मध्ये अमॉक्सिसिलिन २५०, पण क्लॅव्ह तेवढंच. दोन घेतल्या तर क्लॅव्ह दुप्पट, काकूंचं पोट बिघडन." आणि ६२५ची पट्टी काढून दिली.

माझी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, त्यामुळे या उत्तरावर मी खूश. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्या घराण्यातलं, आणि या घराण्याचा सगळा जोर रेणूतल्या चार अणूंच्या कड्यात असतो. कित्येक जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम बनवून नेमकं तेच कडं फोडतात. ऑक्सफर्डचे संशोधक अब्राहम आणि चेन यांनी हे १९४० सालीच नोंदवलं, पेनिसिलिन बाजारात यायच्याही आधी. याच घराण्यातल्या क्लॉक्सासिलिनमध्ये कड्याला अशी अवजड साखळी जोडलेली आहे की स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) जंतूच्या एन्झाइमला तिथवर पोचताच येत नाही. अमॉक्सिसिलिनला ती सोय नाही, म्हणून जोडीला क्लॅव्ह. त्यातही तसलंच कडं आहे. उंदीर भज्याला तोंड लावतो आणि पिंजऱ्यात अडकतो, तसं एन्झाइम ते फोडायला जातं आणि कायमचं निकामी होतं. क्लॅव्ह स्वतः जंतू फारसे मारत नाही, मग दुप्पट घेऊन मिळणार काय? जुलाब! (एनडीएम-१ सारखी एन्झाइमं तर त्याला भीकही घालत नाहीत, पण तो दवाखान्यातल्या मोठ्या दुखण्यांचा विषय.)

क्लॅव्हला ओलावा सोसत नाही. इथे पट्टी कापतात ती प्रत्येक गोळीचं ॲल्युमिनियम शाबूत ठेवून. सुट्या गोळ्या कागदी पुडीत बांधून देत नाहीत. शेजारी एक बाई लेकरासाठी याच औषधाचं ड्राय सिरप घेत होती. तिला ताईंनी समजावलं: उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत, मग बाटली फ्रिजमध्ये, सात दिवसांनंतर उरलेलं फेकायचं. नागपूरच्या मे महिन्यात हे सांगायलाच पाहिजे.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देत नाहीत. काही गिऱ्हाईकं चिडतात, चिडू द्या. दुपारी शटर बंद असतं आणि संध्याकाळी गाडी लावायला जागा सापडत नाही, त्याचा एक स्टार कापला. चार दिले.