रूगर नंबर वन, .४५-७०: चौदा महिने आणि सत्त्याण्णव पुंगळ्या

एकोणीस डॉलर. स्कोप, म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण, दुरुस्तीला पाठवायचा टपालखर्च माझ्या खिशातून गेला, आणि खरं सांगायचं तर त्या एकोणीस डॉलरांच्या रागानेच हे लिहायला बसलोय. बंदुकीबद्दल तक्रार जवळजवळ नाही. जी आहे ती पुंगळ्यांची, म्हणजे काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळकांड्यांची, तिच्याकडे येतोच.

बंदूक तुम्हाला माहीत असेलच. रूगर कंपनीची नंबर वन, एका वेळी एकच काडतूस घेणारी: एस मॉडेल, बावीस इंची नळी, .४५-७० हे जाडजूड काडतूस. गेल्या वर्षी मे महिन्यात जुनी घेतली, अकराशे डॉलरला. मॉडेल १९६७ पासूनचं, आतली कल्पना फार्कहर्सन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाच्या १८७२ च्या पेटंटवरून आलेली, आणि काडतूस अमेरिकन लष्कराने १८७३ साली घेतलेलं. नवीन म्हणावं असं यात काहीच नाही, मला त्याचंच कौतुक. घेतली होती एल्क या मोठ्या हरणासाठी. पण ॲरिझोनात एल्कचा टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, सोडतीने मिळतो आणि माझा नंबर अजून लागलेला नाही. चौदा महिने नेमबाजीच्या रेंजवर फक्त कागदाची शिकार चालू आहे.

आता पुंगळ्या. लिव्हर खाली ओढला की नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा खाली उतरतो आणि इजेक्टर रिकामी पुंगळी सरळ मागे फेकतो. हळू ओढा नाहीतर जोरात, स्प्रिंग आपला हट्ट सोडत नाही. पुंगळी खांद्यावरून जाते, मागच्या काँक्रीटवर टणटणत उड्या मारते आणि शेजाऱ्याच्या ढिगात जाऊन मिसळते. शेजारी एआर-१५ या भराभर बार काढणाऱ्या रायफलवाला असला तर त्याच्या दोनशे बारक्या पुंगळ्यांमध्ये माझी एक जाडजूड. सापडते, पण सीझफायर होईपर्यंत, म्हणजे सगळ्यांचे बार थांबेपर्यंत, जीव टांगणीला. तुम्ही म्हणाल, एका पुंगळीचं एवढं काय? वीस तयार काडतुसांची पेटी आमच्याकडे पन्नास डॉलरच्या पुढे जाते. त्याच पुंगळीत मी घरी प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), दारू आणि स्वतः ओतलेली शिशाची गोळी भरली की एक बार चाळीस सेंटच्या आसपास पडतो. मे महिन्यात शंभर पुंगळ्यांपासून सुरुवात केली. वहीत प्रत्येकीचा हिशेब आहे. जूनमध्ये दोन गेल्या, ऑक्टोबरात एक. ऑक्टोबरातली माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाने झाडूने गोळा करून बादलीत टाकली. मी तोंड उघडेपर्यंत बादली उचलली गेली होती.

संगमेश्वराजवळ आमच्या मामांकडे रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलिस ठाण्यात जमा व्हायची, तेवढाच काय तो मामांना ताप. पुंगळी हा विषयच त्यांच्या आयुष्यात नव्हता.

तर इजेक्टरची स्प्रिंग काढून टाकायचं मी ठरवलं होतं. ती काढली की पुंगळी नुसती थोडी बाहेर सरकते आणि बोटांनी उचलता येते. अनेक लोक तसं करतात. एका शनिवारी स्क्रू ड्रायव्हर काढूनही ठेवला होता. मग दुसरंच संकट उभं राहिलं.

पहिले तीन महिने मी मूर्खासारखे भारी बार भरत होतो. भरण्याच्या पुस्तकांत .४५-७० चे तीन वेगळे भाग असतात: जुन्या ट्रॅपडोअर बंदुकांसाठी सौम्य, लिव्हर ॲक्शनसाठी मधले, आणि नंबर वनसारख्या मजबूत बंदुकीसाठी भारी. मजबूत बंदूक घेतली आहे, मग तिसरा भाग सोडायचा का? सव्वासात पौंडांच्या बंदुकीतून ४०५ ग्रेनची, म्हणजे सव्वादोन तोळ्यांची गोळी त्या वेगाने सुटली की खांद्यावरचा दणका साध्या .३०-०६ काडतुसाच्या दुप्पट होतो, हा हिशेब मी नंतर मांडला. आधी मांडायला हवा होता. त्यात या बंदुकीवर स्कोप मुळातच पुढे बसतो, त्यामुळे मान पुढे काढून बघावं लागतं. तिसऱ्याच दिवशी स्कोपच्या कडेने भुवई फाडली. घरी आल्यावर ही म्हणाली, “अहो, चंद्रकोर लावायची होती तर मला सांगायचं, माझ्याकडे पाकीट होतं.”

त्यानंतर नेम बिघडला. शंभर यार्डांवर पाच गोळ्या कधी दोन इंचांत, कधी आठ. मी पुढच्या लाकडाचा स्क्रू सैल केला, घट्ट केला. दोन प्रकारच्या गोळ्या आणल्या. शेवटी ही रेंजवर आली, थर्मास आणि शेंगदाण्याची चटणी लावलेल्या पोळ्या घेऊन, आणि एक काम तिच्याकडे दिलं: बंदुकीत काडतूस तिने घालायचं, मी बघायचं नाही. मध्येच कधीतरी प्रायमर आणि दारू नसलेलं खोटं काडतूस. एकबारी बंदुकीला ही परीक्षा फार सोयीची, एका वेळी एकच घालायचं असतं. पाचव्या वेळी मी चाप ओढला, नुसतं ‘टक’ झालं आणि नळीचं तोंड चांगलं दोन इंच खाली गेलं. बार नसताना, दणक्याच्या नुसत्या धास्तीने! “डोळे मिटता तुम्ही,” ती म्हणाली. “देवासमोर उभे राहिल्यासारखे.”

भारी बार त्या दिवशी बंद. आता एकच प्रकार भरतो, जुन्या लष्करी वेगाच्या आसपासचा, सेकंदाला तेराशे फूट. घरात दोन प्रकारचे बार ठेवतच नाही, म्हणजे पेट्यांची अदलाबदल व्हायला नको. एक पौंड शिशात सतरा गोळ्या होतात. शिसं अंगणात वितळवतो, वारा पाठीमागून असेल तेव्हाच, आणि ते पातेलं घराचा उंबरठा ओलांडत नाही. ही अट हिची आहे आणि योग्य आहे. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेतो, तेही हिच्याच सांगण्यावरून. या बाराला बंदूक खांद्याला मारत नाही, ढकलते. गर्दीच्या लोकलमध्ये मागचा माणूस ढकलतो तशी.

पण नेम सुधारला तो निम्माच. स्कोप काढून कानाशी हलवला तर आत काहीतरी खुळखुळत होतं. कंपनीचं नाव घेत नाही. ‘आजीवन हमी’ असं डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं आहे. एवढंच सांगतो की पहिलं उत्तर आलं, “स्कोपच्या नळीवर रिंगांचे ओरखडे आहेत, त्यामुळे हा गैरवापर धरला जाईल.” रिंगांशिवाय स्कोप बंदुकीवर बसवायचा कशाने, गोंदाने? चार ई-मेल, दोन फोन, सात आठवडे. शेवटी दुरुस्त करून पाठवला, पण जातानाचे एकोणीस डॉलर माझेच.

इथपर्यंत लिहून तीन आठवडे झाले. राग थोडा उतरलाय, म्हणून पुढचं जरा शांतपणे.

ते सात आठवडे मी काय करत होतो, हे सांगायचं राहिलं. एस मॉडेलवर लोखंडी साइट असते: मागे घडीची पाती, पुढे सोनेरी मणी. चौपन्नाव्या वर्षी मणी स्पष्ट दिसला तर लक्ष्य धूसर, लक्ष्य स्पष्ट दिसलं तर मणी धूसर. नाइलाज म्हणून सुरुवात केली. मण्याकडेच बघायचं आणि लक्ष्य धूसर राहू द्यायचं, हे जमायला तीन रविवार गेले. आता शंभर यार्डांवर पाच गोळ्या साडेतीन-चार इंचांत पडतात. स्कोपवाले हसतील, हसू देत. स्कोप नसल्यामुळे बंदूक हलकी झाली, मान सरळ राहते, भुवई सुरक्षित, आणि मुख्य म्हणजे ठोकळ्यावरची जागा मोकळी झाली. तिथे तळहात आडवा धरून लिव्हर ओढला की पुंगळी थेट हातात येते! स्कोप असताना तिथे हात घुसतच नव्हता. पुंगळी कोमट असते, चटका बसत नाही. पहिल्यांदा झेलली तेव्हा मी शेजारच्या अनोळखी माणसाला दाखवली. त्याने नम्रपणे मान हलवली. म्हणजे स्प्रिंग काढायची गरजच नव्हती. स्क्रू ड्रायव्हर परत खोक्यात गेला. ऑक्टोबरनंतर एकही पुंगळी हरवलेली नाही.

आणि दोनशे यार्डांवरची लोखंडी थाळी. तिच्यासाठी दोन फूट वर, नुसत्या हवेत नेम धरावा लागतो, कारण शंभरावर बरोबर बसवलेली ही गोळी दोनशेपर्यंत तेवढी खाली येते. बार होतो. खांदा ढकलला जातो, हात लिव्हरकडे जातो, पुंगळी तळहातात पडते, आणि तेव्हा कुठे, चांगला सेकंदभराने, लांबून ‘टण्ण’ ऐकू येतं. कधी येत नाही. तो सेकंद मला फार आवडतो. तासाभरात वीस बार म्हणजे माझ्या दृष्टीने पोटभर. शेजारच्याचे तेवढे दहा सेकंदांत होतात. चाळीस सेंटच्या हिशेबाने आठ डॉलरांत सकाळ जाते, यापेक्षा स्वस्त करमणूक या शहरात मला तरी सापडलेली नाही.

दुरुस्त स्कोप डब्यातच आहे. कमी दणक्याच्या बंदुकीवर नीट चालेल, मी तपासलाय, खुळखुळत नाही. कोणाला हवा असेल तर अर्ध्या किमतीत देईन. टपालखर्च घेणाऱ्याचा.