सात फोटो, पण रस्त्याचा एकही नाही

जाहिरातीतलं घर असं असतं: पुट्टी मारलेला पांढराशुभ्र हॉल, चमकत्या टाइल्स, छपरीत झोका, मागे हिरवीगार सांदवाडी, म्हणजे परसाची मोकळी जागा. खाली मजकूर: 'तालुक्यापासून 3 किमी, 2400 चौ. फूट, बोरिंगला बारमाही पाणी, मालक पुण्यात असल्यानं तातडीनं विकणे.' फोन लावला की पलीकडचा माणूस अदबीनं बोलतो, दोन गिऱ्हाइकं पाहून गेली म्हणतो आणि घर थांबवायला 21 हजार टोकन मागतो. टोकन गेलं की नंबर बंद. किंवा नंबर चालू राहतो, घरही खरोखर असतं, फक्त फोटोतल्यासारखं नसतं. ही दुसरी फसवणूक जास्त महाग पडते, कारण ती कळेपर्यंत रजिस्ट्री झालेली असते.

म्हणून फोटोत काय आहे त्याआधी काय नाही ते बघा. रस्त्याचा फोटो नसेल तर बहुतेक वाट पांदणीची, नाहीतर शेजाऱ्याच्या अंगणातून. स्लॅबचा आतून फोटो नसेल तर गळती गृहीत धरा. संडास आणि मोरी तर कोणीच दाखवत नाही, तेव्हा ते मागून घ्या.

आपल्या विदर्भातला सगळ्यात मोठा डाव काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर घर दरवर्षी थोडं उचलतं आणि बसतं. मग खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. एप्रिल-मे मध्ये त्या रुंद होतात, पावसाळ्यात मिटतात. ऑगस्टमध्ये पुट्टी भरून, रंग मारून काढलेल्या फोटोत भिंत कोरी दिसणारच. मे महिन्यातला फोटो मागा, तोही खिडक्यांच्या चारही कोपऱ्यांचा, जवळून. दार पूर्ण लागतं का तेही व्हिडिओत पाहा; चौकट तिरकी झाली की दार घासतं, आणि ते रंगानं झाकता येत नाही.

खोलीचा आकार मोबाइलच्या 0.5 (वाइड अँगल) लेन्सनं फुगवलेला असतो. ओळखायचं कसं? फोटोच्या कडेला असलेलं कपाट किंवा दार ताणल्यासारखं रुंद दिसतं. मग टाइल्स मोजा. मोठी टाइल साधारण 2 बाय 2 फुटांची असते. एका बाजूला 5 आणि दुसऱ्या बाजूला 4 भरल्या तर खोली 10 बाय 8 ची, जाहिरातीत 14 बाय 12 लिहिलेलं असलं तरी. अर्थात टाइलचं माप आधी विचारून घ्यायचं, कारण दीड फुटाच्याही येतात.

पाण्याचा फोटो म्हणजे चालू मोटर आणि जाड धार. ती ऑक्टोबरची असेल तर तिचा मे महिन्याशी काही संबंध नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी भरपूर असूनही खारं असू शकतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर आणि भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत फुटलेला खार, हे दोन्ही फोटोत दिसतं, बघायची सवय हवी. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, तपासून घ्या. पिण्यासाठी लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण चांगलं, आणि दुसरी सोयच नसेल तर कमाल मर्यादा 2000.

चोरलेले फोटो ओळखणं त्यामानानं सोपं. गूगल लेन्सवर टाकून बघा. नाहीच सापडला तर डोळे उघडे ठेवा: कोकणातला जांभ्या दगडाचा गडगा आणि सुपारीची झाडं यवतमाळच्या खेड्यात कशी येतील? मात्र फोटोवर छापलेल्या तारखेवर आणि लोकेशनवर विसंबू नका, ती खोटी छापता येते.

खरी परीक्षा व्हिडिओ कॉलची. एसटी थांब्यापासून किंवा ग्रामपंचायतीपासून दारापर्यंत कॉल न तोडता चालत यायला सांगा. मग नळ उघडा, पंखा लावा, स्लॅब दाखवा, मीटर जवळून दाखवा. खिडकीत एक तांब्या ठेवायला सांगा आणि बाहेरून तो दिसतो का बघा. आतलं घर एक आणि बाहेरचं दुसरं, असेही प्रकार यात उघडे पडतात. दलाल वैतागतो. वैतागू द्या.

त्यानंतर गावातल्या सोयऱ्याला पाठवून शेजारी आणि पोलीस पाटलांना विचारायचं की घर नेमकं कोणाचं. ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा घ्या, त्यावरचं क्षेत्रफळ आणि फोटोतली सांदवाडी जुळवा. बरेचदा 2400 मधली निम्मी सांदवाडी अतिक्रमणातली निघते. आणि नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. वीजबिलावरचं नावही नाही. मालकीसाठी जुनं विक्रीपत्र, सूची 2 (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) आणि स्वामित्व योजनेत मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका बघा. लेआउटमधला प्लॉट असेल तर सातबारा आणि एनए (अकृषिक) आदेश. मोठा प्रकल्प असेल तर जाहिरातीवर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा) नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड हवाच, क्यूआर कोड 1 ऑगस्ट 2023 पासून सक्तीचा आहे.

हे होईपर्यंत एक रुपयाही नाही. द्यायचाच तर इसारचिठ्ठीवर, साक्षीदारांसमोर, मालकाच्याच बँक खात्यात.

पैसे गेलेच तर दलालाला विनवण्या करण्यात दिवस घालवू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी थांबवायला वेळ फार थोडा असतो. यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, हाताशी ठेवा. जाहिरातीचे, फोटोंचे आणि नंबरचे स्क्रीनशॉट मात्र दलालाला पहिला फोन लावण्याआधीच काढून ठेवायचे, कारण तक्रार करेपर्यंत ती जाहिरात तिथे राहत नाही.