टाकीतलं शेवाळ: लाइटला टायमर की नेराइट गोगलगाय?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मित्राच्या माशांच्या टाकीत, जिच्यात पाणवनस्पतीही लावल्यात, काचेवर शेवाळ धरतंय. शेवाळ खाणाऱ्या नेराइट गोगलगायी सोडू की लाइट ठरल्या वेळी बंद करणारा टायमर लावू, असं त्यानं विचारलंय.

खर्चात टायमर सरस, एकदाच घ्यायचा. गोगलगाय मेली की परत आणा. शिवाय माशांच्या औषधात तांबं असलं तर ती जगत नाही.

पण काचेवरचे कडक हिरवे ठिपके खरवडून खावेत तर नेराइटनंच. रात्री टॉर्च मारा, तिच्या वाटेची काच स्वच्छ दिसते. फक्त तिळाएवढी पांढरी अंडी लाकडाला घट्ट चिकटतात. गोड्या पाण्यात त्यांतून पिल्लं वाढत नाहीत, हे बरं. काळ्या केसाळ शेवाळाला मात्र ती सहसा तोंड लावत नाही.

टायमर मूळ कारणाला, म्हणजे जास्त उजेडाला हात घालतो. लाइट ६ ते ८ तास पुरे. पण माशांना खाणं जास्त पडत असेल तर तेही शेवाळाला खत होतं, मग एकट्या टायमरनं भागत नाही. सांडपाण्यातल्या खतानं रंकाळा तलावसुद्धा हिरवा होतो. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलाच, नळाचं असेल तर क्लोरीन घालवून.

टाकी नवी असेल तर आधी टायमर. टाकी जुनी, झाडं जोमात आणि त्रास फक्त ठिपक्यांचा, तर एक-दोन नेराइट सोडा. झाकण मात्र नीट बसवा, ती वर चढून बाहेर पडते.