हेड घासलेल्या एस्टीमला कोणता प्लग?

मारुती एस्टीमचं १.३ लिटर, १६ व्हॉल्व्हचं इंजिन मुळात ९.५:१ कॉम्प्रेशनचं, म्हणजे त्यात मिश्रण साडेनऊ पट दाबलं जातं. इंजिन नव्याने बांधताना हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून ते १०.५ च्या आसपास नेलं, की स्पार्क प्लगचा विचार नव्याने करावा लागतो. दुकानात मात्र लगेच प्लगच्या टोकाचा धातू निकेल की इरिडियम यावर वाद सुरू होतो. तो प्रश्न नंतरचा. आधी हीट रेंज, म्हणजे प्लग टोकाची उष्णता किती लवकर बाहेर सोडतो ते ठरवा, कारण पिस्टन वाचतो तो तिच्यामुळे.

चालत्या गाडीत प्लगचं टोक साधारण ५०० अंश सेल्सियसच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळून जाते. तेच ८५०च्या पुढे गेलं, तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. एनजीके या प्लग कंपनीच्या आकड्यातली एक पायरी म्हणजे टोकाच्या तापमानात ७० ते १०० अंशांचा फरक.

म्हणून निवड बीकेआर ६ ई आणि बीकेआर ७ ई यांच्यात. गाडी रोज ट्रॅफिकमध्येच रांगणार असेल, तर ६ ठेवा. ७ थंड असल्याने तिथे काळा पडेल. घाट, एक्सप्रेसवे, अधूनमधून ट्रॅक असेल, तर ७ च घ्या. ८ फक्त शर्यतीसाठी.

कंपनी बदलताना जपा. एनजीके आणि डेन्सोत आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये नेमकं उलटं. एनजीकेचा ७ म्हणजे डेन्सोचा २२ आणि बॉशचा ६.

आता धातू. नव्याने बांधलेल्या इंजिनात रिंगा बसेपर्यंत थोडं ऑइल वर येतंच, त्यात महागडे इरिडियम खराब करण्यात अर्थ नाही. तोवर साधे निकेल वापरा. पुढे मात्र माझं मत इरिडियमकडे झुकतं. कॉम्प्रेशन वाढलं की ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. निकेलचं मधलं टोक २.५ मिलिमीटर जाड, इरिडियम आयएक्सचं ०.६, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते. जुन्या कॉइलवरचा ताण तेवढाच हलका होतो. निकेलच ठेवायचा असेल तर गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, ०.८ मिलिमीटरपर्यंत आणा आणि १५-२० हजार किलोमीटरला बदला. इरिडियमचा गॅप बदलताना मधल्या टोकावर जोर देऊ नका, ते तुटतं.

दोन्हींत ‘आर’ म्हणजे रेझिस्टरवालाच प्लग हवा, नाहीतर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, त्रास होतो. हेड ॲल्युमिनियमचं आहे, तेव्हा थंड इंजिनावर आधी हातानेच आटे धरा, मग टॉर्क रेंचने २५ ते ३० न्यूटन मीटर.

एक जोरदार चढ मारून प्लग काढून बघा. पोर्सेलिन फिकट तपकिरी असेल तर हीट रेंज जमली. पांढऱ्यावर बारीक चमकते कण दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, म्हणजे नॉकिंग (मिश्रणाचा ठोके देणारा अवेळी स्फोट) होतंय. मग आणखी थंड प्लग शोधत बसू नका. नॉकिंग त्याने थांबत नाही. ठिणगीचं टायमिंग मागे घ्या, नाहीतर जास्त ऑक्टेनचं (नॉकिंगला जास्त दाद न देणारं) पेट्रोल भरा.