वुल्फ: एक पीसी, खेळणारे अनेक
घरी एकच दणकट पीसी आणि खेळणारे तिघं असतील तर वुल्फ लावाच, म्हणजे पीसीवरचे गेम नेटवर्कवरून दुसऱ्या स्क्रीनवर पाठवणारं सॉफ्टवेअर. सनशाईन या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकच डेस्कटॉप सगळ्यांना दिसतो, इथे मात्र मूनलाईटवरून (टीव्ही-लॅपटॉपवर गेम दाखवणारं ॲप) जो येईल त्याच्यासाठी डॉकरचा वेगळा कंटेनर, म्हणजे पीसीमधलाच एक स्वतंत्र कप्पा, सुरू होतो, त्याच्या स्क्रीनच्या मापाचा व्हर्च्युअल डिस्प्ले, कंट्रोलर पण स्वतःचा, त्यामुळे ताई टीव्हीवर स्टार्ड्यू व्हॅली खेळतेय आणि मी लॅपटॉपवर हेडीस, कुणाचं बटण कुणाच्या गेममध्ये घुसत नाही, लय भारी! ओपन सोर्स आहे, पैसे शून्य. पण लिनक्स आणि टर्मिनलची सवय हवी, आणि ग्राफिक्स कार्ड शेवटी एकच, त्याची मेमरी सगळ्यांत वाटली जाते, तेव्हा दोन जड गेम एकदम नकोत. व्हॅलोरंटवाल्यांनी नाद सोडा, लिनक्सवर ते चालतच नाही. पीसीला लॅन केबल मात्र जोडाच.